मल्टीबँड लावला की पखवाज पोकळ होतो: क्रॉसओव्हरचा दोष कसा शोधायचा

आषाढीच्या आधी अभंगांची रेकॉर्डिंगं घाईने तयार होऊ लागतात आणि ही तक्रार हमखास येते. मिक्स छान असतो: पखवाज भरलेला, टाळ जागेवर, गाणारा पुढे. मास्टरिंगमध्ये, म्हणजे तयार मिक्सवरच्या शेवटच्या संस्कारात, मल्टीबँड कंप्रेसर (मोठा आवाज पट्ट्यापट्ट्याने दाबणारं प्लगइन) लावला की पखवाजाचा घुमारा जातो आणि सगळंच पोकळ वाटायला लागतं. गेन रिडक्शनचा, म्हणजे आवाज किती दाबला गेला ते दाखवणारा, मीटर बघावा तर जेमतेम एक-दोन डीबी हललेला असतो. मग थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर दाबणं सुरू होतं ती) वरखाली होतो, अ‍ॅटॅक बदलतो, शेवटी प्लगइनच बदललं जातं. पोकळपणा मात्र तसाच राहतो.

बहुतेक वेळा कंप्रेसर बिचारा निर्दोष असतो. मल्टीबँड आधी क्रॉसओव्हर नावाच्या फिल्टरांनी आवाजाचे बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे, पाडतो, मग प्रत्येक बँड वेगळा दाबतो आणि शेवटी सगळे परत एकत्र करतो. दोष या पाडण्या-जोडण्यात असेल, तर थ्रेशोल्ड कितीही फिरवला तरी हाती काही लागत नाही. म्हणून तपासाची सुरुवात तिथूनच करावी.

आधी कंप्रेशन काढून टाका

सगळ्या बँडचे रेशो, म्हणजे दाबण्याचं प्रमाण, १:१ करा. मेकअप गेन (दाबलेली पातळी परत वाढवणारा) शून्यावर, ऑटो गेन बंद, सॅच्युरेशन असेल तर तेही बंद. प्लगइन चालू, पण काम काहीच करत नाही अशी स्थिती हवी. आता बायपास करून आणि परत चालू करून ऐका. पखवाज आणि टाळ एकत्र वाजतात असा दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा लूपवर ठेवा, म्हणजे कान भरकटत नाही.

काहीच फरक ऐकू आला नाही तर क्रॉसओव्हरवरचा संशय बराच कमी होतो आणि कंप्रेशनच्या सेटिंगकडे वळता येतं. फक्त लिनियर फेज मोड (सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखाच उशीर करणारा) लावलेला असेल तर ही परीक्षा अपुरी आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. थापेची धार किंचित बदलली पण वजन तेवढंच राहिलं, तर तो मिनिमम फेज क्रॉसओव्हरचा (हा फेज, म्हणजे तरंगाची आवर्तनातली जागा, फ्रिक्वेन्सीनुसार फिरवतो) नेहमीचा परिणाम आहे, त्याने सहसा बिघडत नाही. पण काम न करणारं प्लगइन चालू केल्यावर सरळ खड्डा पडला, तर बँडची जोडणी बिघडलेली आहे.

इथे बरेच जण नल टेस्ट करतात. ट्रॅकची कॉपी करायची, एकीची पोलॅरिटी (तरंगाची वरची-खालची बाजू) उलटी करायची, एकीवर प्लगइन लावायचं आणि दोन्ही एकत्र वाजवून उरेल ते ऐकायचं. मिनिमम फेज क्रॉसओव्हर असेल तर या चाचणीत ढीगभर आवाज उरतो आणि माणूस घाबरतो. घाबरू नका. फ्रिक्वेन्सीनुसार पातळी जराही बदलली नसली तरी फेज फिरलेला असतो, आणि फेज फिरला की दोन्ही आवाज एकमेकांना पूर्ण कापत नाहीत. त्यापेक्षा प्लगइनमधून पिंक नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सी असलेला चाचणीचा खरखराट) पाठवा आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर अ‍ॅव्हरेजवर ठेवून बघा. बायपासची आणि चालूची रेघ एकमेकींवर बसली तर पातळीला धक्का लागलेला नाही. क्रॉसओव्हरच्या जागी खड्डा किंवा उंचवटा दिसला तर दोष खरा आहे.

सगळ्यात जास्त सापडणारं कारण: बाहेरून केलेला पॅरलल मिक्स

माझा पहिला संशय नेहमी इथेच जातो. 'मल्टीबँड थोडाच मिसळायचा' म्हणून लोक मास्टरवरून एक वेगळा बस (आवाजाची समांतर वाट) काढतात, त्यावर मल्टीबँड टाकतात आणि तो मूळ आवाजाबरोबर मिसळतात. साध्या एकबँडी कंप्रेसरला ही युक्ती उत्तम चालते. मल्टीबँडला मात्र ती अंगाशी येते, आणि ती का येते हे आकड्यांत बघण्यासारखं आहे.

बऱ्याच मल्टीबँड प्लगइनमध्ये लिंकविट्झ-रायली जातीचा, २४ डीबी प्रति ऑक्टेव्ह उताराचा क्रॉसओव्हर असतो. सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली हे ह्युलेट-पॅकार्डमधले इंजिनिअर. त्यांची ही रचना १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तीही स्पीकरसाठी, वूफर (खालच्या आवाजाचा स्पीकर) आणि ट्वीटरमध्ये (वरच्या आवाजाचा) आवाज नीट वाटला जावा म्हणून. तिची खासियत अशी की क्रॉसओव्हर फ्रिक्वेन्सीवर दोन्ही बँड ६ डीबी खाली असतात, एकमेकांशी पूर्ण फेजमध्ये असतात, आणि बेरीज सपाट येते. किंमत एवढीच की या बेरजेचा फेज मूळ आवाजाच्या तुलनेत फिरतो, आणि नेमका क्रॉसओव्हर फ्रिक्वेन्सीवर तो १८० अंश, म्हणजे पूर्ण उलटा झालेला असतो.

नुसता मल्टीबँडचा आवाज ऐकला तर कानाला हे सहसा कळत नाही. पण त्यात मूळ आवाज मिसळलात की त्या फ्रिक्वेन्सीवर दोन उलटे आवाज समोरासमोर येतात. क्रॉसओव्हर १२० हर्ट्झवर आहे आणि मिक्स निम्मा-निम्मा आहे असं समजा. १२० हर्ट्झवर बेरीज शून्य होते. नुकसान तेवढ्या एका रेघेपुरतं राहत नाही: साधारण ६२ पासून २३२ हर्ट्झपर्यंतचा सगळा पट्टा ३ डीबी किंवा त्याहून जास्त खाली जातो. जवळजवळ दोन ऑक्टेव्ह झाले! पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावून जो घुमारा आणलेला असतो, तो राहतो याच पट्ट्यात. तोच गेला तर मागे फक्त थापेचा टकटकाट उरतो.

मिक्स कमी ठेवल्याने सुटका होत नाही. ३० टक्के मल्टीबँड आणि ७० टक्के मूळ असं प्रमाण ठेवलं तरी क्रॉसओव्हरवर सुमारे ८ डीबीचा खड्डा पडतो, आणि २० टक्क्यांवर साडेचार डीबीच्या आसपास. चार बँड असतील तर असे तीन खड्डे. उतार ४८ डीबी केल्यावर क्रॉसओव्हरवरचा खड्डा भरतो खरा, पण त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक नवा तयार होतो.

उपाय सोपे आहेत. प्लगइनच्या आत मिक्सचा नॉब असेल तर तो वापरा, पण आधी पिंक नॉइजवर त्याची परीक्षा घ्या. कंप्रेशन शून्यावर आणि मिक्स ५० टक्क्यांवर ठेवूनही रेघ सपाट राहिली, तर त्या प्लगइनने मूळ आवाजाचाही फेज तसाच फिरवून घेतला आहे, तुम्ही निश्चिंत राहा. मिक्सचा नॉब नसेल तर पॅरललचा नादच सोडा आणि बँडचा रेशो किंवा रेंज (जास्तीत जास्त किती दाबायचं ती मर्यादा) कमी करा. परिणाम बराचसा तोच मिळतो. बाहेरचा बस हवाच असेल तर मूळ आवाजाच्या बसवरही तेच प्लगइन, तेच क्रॉसओव्हर आणि शून्य कंप्रेशन लावा. दोन्हींचा फेज सारखाच फिरतो आणि खड्डे नाहीसे होतात. प्रोसेसरवर थोडा भार पडतो, पण मास्टरिंगमध्ये ट्रॅक असतात किती!

हाताने बँड पाडत असाल तर

काही जण मल्टीबँड प्लगइन वापरतच नाहीत. तीन बस काढायचे, प्रत्येकावर हाय-पास आणि लो-पास फिल्टर लावायचे आणि आपल्या आवडीचे कंप्रेसर टाकायचे. कल्पना चांगली आहे, पण जोडणीची सगळी जबाबदारी तुमच्यावर येते.

पहिली गोष्ट फिल्टरच्या जातीची. साध्या इक्वलायझरमधला २४ डीबीचा फिल्टर बहुतेक वेळा बटरवर्थ असतो. तो क्रॉसओव्हरवर ६ ऐवजी ३ डीबीच खाली असतो, म्हणून जोडल्यावर तिथे ३ डीबीचा उंचवटा येतो. १२ डीबीचे दोन बटरवर्थ फिल्टर एकामागे एक लावले की २४ डीबीचा लिंकविट्झ-रायली तयार होतो.

दुसरी गोष्ट सहज निसटते. तीन बँडमध्ये मधला आणि वरचा बँड दोन क्रॉसओव्हरमधून जातात, खालचा एकातूनच. त्यामुळे खालच्या बँडचा फेज मागे राहतो. चांगल्या प्लगइनमध्ये त्याची भरपाई आतच केलेली असते, तुमच्या बसमध्ये ती नसते. क्रॉसओव्हर १५० आणि ३००० हर्ट्झवर असतील तर फरक नगण्य आहे. पण १५० आणि ३०० वर ठेवलेत तर १५० हर्ट्झवर जवळजवळ ३ डीबीची घट होते. म्हणून हाताने पाडलेले क्रॉसओव्हर एकमेकांपासून लांब ठेवा. तीनऐवजी दोनच बँड पाडले तर हा प्रश्न मुळातच उरत नाही, आणि अभंगासारख्या मोजक्या वाद्यांच्या गाण्याला दोन पुरतात.

लिनियर फेज लावला तरी

फेजचं एवढं ऐकल्यावर सगळे लिनियर फेजकडे धावतात. या मोडमध्ये बँडची बेरीज म्हणजे थोडा उशिरा आलेला मूळ आवाजच असतो. नल टेस्ट स्वच्छ निघते, पॅरलल मिक्सही बिनधास्त करता येतो. मात्र प्लगइनने आपली लेटन्सी (होणारा उशीर) सॉफ्टवेअरला बरोबर कळवायला हवी. ८१९२ टॅपचा, म्हणजे ८१९२ नमुने लांबीचा, फिल्टर ४८ किलोहर्ट्झवर सुमारे ८५ मिलीसेकंद उशीर करतो. ही भरपाई चुकली तर पॅरललमध्ये चक्क दुहेरी थाप ऐकू येते. तेवढं लक्षात येतं तरी, फेजचा दोष महिनोन्‌महिने लपून राहतो.

लिनियर फेजची खरी अडचण प्रीरिंगिंग. फिल्टरची घरघर थापेच्या नंतर यायची ती थापेच्या आधीही येते. मोठ्या आवाजानंतरचा बारीक आवाज आपल्या कानाला दहा-वीस नव्हे, शंभर-दीडशे मिलीसेकंदांपर्यंत झाकला जातो, पण आधीचा फार थोडा वेळच झाकला जातो. १०० हर्ट्झचं एक आवर्तन १० मिलीसेकंदांचं असतं. तिथे तीव्र उताराचा क्रॉसओव्हर ठेवला तर थापेच्या आधी दोन-तीन आवर्तनांचा हुंकार येतो आणि पखवाजाची थाप 'धा' न वाटता 'ह्धा' वाटते.

यातली मेख अशी की कंप्रेशन शून्यावर असताना सगळ्या बँडचं प्रीरिंगिंग एकमेकांना कापून नाहीसं होतं. एखादा बँड दाबला जायला लागला की ते कापणं अपुरं पडतं आणि घरघर डोकं वर काढते. म्हणून शून्य कंप्रेशनच्या परीक्षेत लिनियर फेज पहिल्या नंबराने पास होतो आणि प्रत्यक्ष कामात दगा देतो. याच्या उलटही फसगत होते: बँड सोलो करून ऐकलं की प्रीरिंगिंग भयंकर वाटतं, कारण ते कापायला दुसरा बँड हजर नसतो. सोलोवर निकाल देऊ नका. कंप्रेशन चालू ठेवून पूर्ण मिक्स ऐका, शक्यतो हेडफोनवर, आणि थापेच्या आधीच्या क्षणाकडे लक्ष द्या.

माझं मत विचाराल तर तालवाद्यांच्या गाण्यात खालचा क्रॉसओव्हर मिनिमम फेज आणि सौम्य उताराचा बरा. लिनियर फेज संथ आलापाला, तंबोऱ्याला, बासरीला ठीक आहे. फॅबफिल्टरच्या प्रो-एमबीमध्ये डायनॅमिक फेज नावाचा तिसरा मोड आहे, त्यात बँड काम करत नसेल तर फेजही फिरत नाही. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

क्रॉसओव्हर वाद्याच्या मधोमध पडला आहे का?

जोडणी ठीक निघाली तरी क्रॉसओव्हरची जागा चुकीची असू शकते. प्रीसेटमध्ये १२० हर्ट्झ लिहिलेलं असतं, ते बहुधा किक ड्रम आणि बेस गिटार डोळ्यांसमोर ठेवून. पखवाजाच्या आणि तबल्याच्या डाव्या अंगाचा मूळ स्वर त्याच आसपास फिरतो. तबल्यात तर मनगटाच्या दाबाने डग्ग्याचा स्वर वर चढतो. तो १०० वरून १४० वर जाताना वाटेत बँड बदलतो, एका बँडमध्ये दाबला जातो, दुसऱ्यात मोकळा सुटतो. घिस्सा तुटक ऐकू येतो आणि दोष वादकाच्या माथी मारला जातो.

उजव्या अंगाची गोष्ट वेगळी. शाईमुळे त्या पुडीचे उपस्वर स्वरमेळात बसतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये नेचरमध्ये हे दाखवून दिलं होतं, आणि बाकीच्या बहुतेक चामडी वाद्यांत असं होत नाही. उजवी पुडी सुरात लागलेली ऐकू येते ती या उपस्वरांच्या प्रमाणामुळे. त्यांच्या मधून क्रॉसओव्हर गेला आणि वरचा बँड खालच्यापेक्षा जास्त दाबला गेला, तर सूर बदलत नाही पण नाद मातीचा होतो.

म्हणून वाद्य एकटं वाजतं ती जागा शोधा, स्पेक्ट्रमवर उंचवटे बघा आणि क्रॉसओव्हर दोन उंचवट्यांमधल्या दरीत ठेवा. डाव्या अंगाचा मुख्य उंचवटा ९० वर असेल आणि वर बरीच मोकळी जागा असेल, तर १२० सोडून १७०-१८० वर जा. वरचा क्रॉसओव्हर आवाजाच्या मधल्या पट्ट्यात, १ ते २ किलोहर्ट्झमध्ये नको. शब्दाची स्पष्टता तिथून पुढेच सुरू होते.

जोडणी ठीक, जागा ठीक, तरीही

आता कंप्रेशनकडे वळू. खालच्या बँडवर फरफर ऐकू येत असेल तर रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) बघा. ५० हर्ट्झचं एक आवर्तन २० मिलीसेकंदांचं असतं. रिलीज त्यापेक्षा कमी असेल तर कंप्रेसर प्रत्येक आवर्तनाच्या आतच गेन वरखाली करतो, म्हणजे तरंगाचा आकारच बदलतो. त्यालाच विरूपण म्हणतात. खालच्या बँडला ३० ते ५० मिलीसेकंद अ‍ॅटॅक आणि १५० च्या पुढे रिलीज घेऊन सुरुवात करा.

टाळ वाजला की गाणाऱ्याचे 'स' आणि 'श' बुडत असतील तर दोघे एकाच बँडमध्ये आहेत. टाळ कंप्रेसरला ढकलतो आणि व्यंजनं दबतात. मल्टीबँडमध्ये याला समाधानकारक उत्तर नाही. डायनॅमिक ईक्यूने (गरजेपुरताच एक पट्टा खाली करणारा इक्वलायझर) टाळाचा तेवढाच अरुंद पट्टा पकडा, नाहीतर मिक्स करणाऱ्याला फोन करून टाळ २ डीबी खाली घ्यायला सांगा. दुसरा उपाय नेहमीच चांगला असतो. टाळ एका बाजूला पॅन केलेला असेल आणि दर ठोक्याला सगळं चित्र दुसऱ्या बाजूला सरकत असेल, तर स्टीरिओ लिंक (डावी-उजवी बाजू सारखीच दाबणारी सोय) बंद राहिलेली आहे.

एखाद्या बँडचा गेन रिडक्शन गाणंभर ३ डीबीवर चिकटून बसला असेल आणि मेकअप गेन वेगळा लावलेला असेल, तर तुम्ही कंप्रेसर वापरत नाही, महागडा ईक्यू वापरत आहात. तो बँड बायपास करा आणि ईक्यूनेच काम भागवा. क्रॉसओव्हरचा एक फेरा वाचतो.

मल्टीबँडनंतर लिमिटर (शेंडे एका मर्यादेवर अडवणारा) अचानक जास्त काम करायला लागला, हीही नेहमीची तक्रार. मिक्स आधीच लिमिटरमधून गेलेला असेल तर त्याचे शेंडे सपाट कापलेले असतात. फेज फिरला की त्या सपाट शेंड्यांचा आकार बदलतो, आणि लाउडनेस तेवढाच राहून पीक एक-दोन डीबी वर जातात. कंप्रेशन शून्यावर असलं तरी हे होतं. लिमिटर काढलेला मिक्स मागवून घ्या, मल्टीबँड लिमिटरच्या आधीच ठेवा आणि ट्रू पीकची (नमुन्यांच्या मधले शेंडेही धरून मोजलेल्या पीकची) मर्यादा -१ डीबीवर सोडा. तुलना करताना दोन्ही बाजूंचा लाउडनेस एलयूएफएसमध्ये (लाउडनेस मोजायचं एकक) जुळवून घ्या. अर्धा डीबी मोठं असलेलं कानाला चांगलंच वाटतं.

मल्टीबँड कुठे लागतोच? एखाद्या जुन्या कीर्तनाचं डेस्कवरून घेतलेलं दोन चॅनलचं रेकॉर्डिंग हाती येतं, वेगळे ट्रॅक नसतात, आणि पखवाज मधेच अंगावर येतो. तिथे एकच क्रॉसओव्हर, १८० हर्ट्झच्या आसपास, २४ डीबी, मिनिमम फेज. वरचा बँड तसाच सोडायचा. खालच्याला २:१, अ‍ॅटॅक ४०, रिलीज १८० मिलीसेकंद, आणि सगळ्यात जोरकस थापेला ३ डीबीच्या पुढे रिडक्शन जाऊ द्यायचं नाही. पॅरलल बस नको, मेकअप नको. बुवांचा आवाज वरच्या बँडमधून जवळजवळ अस्पर्श जातो, फक्त फेज फिरलेला, आणि तो कुणाला ऐकू येत नाही.